माहीमच्या घरातली ओल आणि डीह्युमिडिफायर: दोन पावसाळ्यांचा अनुभव

आमच्या निजायच्या खोलीची बाहेरची भिंत पश्चिमेला असल्यामुळे नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा सगळा मारा तिच्यावरच होतो. जुलै लागला की त्या भिंतीला टेकवलेले कपाट उघडताच कुबट वास यायचा, चामडी चपलांवर पिठासारखी पांढरट बुरशी धरायची आणि वडिलांनी जपून ठेवलेल्या दिवाळी अंकांची पाने एकमेकांना चिकटायची. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, ओल मात्र हटत नाही.

म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये दिवसाला १२ लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर घेतला. तो खोलीतली हवा ओढून थंड नळ्यांवरून नेतो, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते खालच्या टाकीत साठते. क्षमतेचा हा आकडा साधारणतः ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो; खोली कोरडी होत जाते तसे पाणी कमी निघते, तेव्हा टाकी भरली नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. दारे-खिडक्या बंद ठेवून पहिल्या रात्री आठ तास चालवले, तेव्हा जवळजवळ ३ लिटर पाणी निघाले आणि आर्द्रतामापक ८६ वरून ५८ वर आला. आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला सहसा वाढता येत नाही. कपाटही चार बोटे पुढे ओढून मागून हवा खेळती ठेवली. यंदाच्या पावसाळ्यात चपला स्वच्छ राहिल्या आणि अंकांची पाने सुटी आहेत, याचे मला मनापासून समाधान आहे.

उणिवाही आहेत. यंत्र खोली थोडी गरम करते, आवाज झोपेत जाणवतो आणि २५० वॅटच्या हिशेबाने आठ तासांत २ युनिट वीज जाते.

भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर मात्र हा इलाज नव्हे. पूर्वी एका कंत्राटदाराने आतून ओलरोधक रंग लावून दिला होता, त्याचे एका पावसाळ्यातच पोपडे निघाले. पाणी छज्जावरच्या तड्यातून येत होते आणि यंदा मे महिन्यात परांची बांधून तो बाहेरून बुजवला, तेव्हाच भिंत सुकली.

विकत घेताना टाकीला नळी जोडण्याची सोय आहे का, ते दुकानातच पाहावे. आम्ही रात्री ती नळी लगतच्या न्हाणीघरात सोडतो, त्यामुळे टाकी भरून यंत्र मध्येच बंद पडत नाही.