मोटरसायकलसाठी नॅव्हिगेटर घेताना आधी खाड्या बघा

मोटरसायकलसाठीच बनवलेला, साडेपाच इंची पडद्याचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा नॅव्हिगेटर, म्हणजे रस्ता दाखवणारं यंत्र. कोकण किनाऱ्यालगतच्या रेवस-रेडी सागरी मार्गावर उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यानंतरचं हे मत आहे. दुकानात लोक पडदा, ब्लूटूथ आणि गाणी बघून निवड करतात. किनाऱ्यावर फिरायचं असेल तर पहिला प्रश्न वेगळाच हवा: हे यंत्र खाडी कशी ओलांडतं?

दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळ-धोपावे फेरीबोट सोयीची. यंत्रात 'फेरी टाळा' चालू असेल तर ते खेड, चिपळूण करत जवळजवळ १०० किलोमीटर फिरवतं. फेरीने निम्म्याहून कमी अंतर पडतं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, तवसाळ-जयगड, सगळीकडे हाच प्रकार. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच दापोली ते गुहागर मार्ग मागून बघा. फेरी चालू केल्यावर रेषा वाशिष्ठीच्या पाण्यावरून गेली पाहिजे. नकाशात फेरीच नसेल तर बाकीच्या सोयी कितीही असोत, ते यंत्र इथे कामाचं नाही. फेरीची वेळ मात्र कुठलंच यंत्र भरवशाने सांगत नाही. शेवटची बोट सुटून गेली तरी पोचण्याची वेळ तीच दाखवत राहतं, तेव्हा जेटीवर आधी फोन करून वेळ विचारावी.

दुसरी कसोटी जीपीएक्स फाइलची, म्हणजे आधी आखलेला मार्ग यंत्रात चढवायच्या फाइलची. 'रूट' आणि 'ट्रॅक' यांतला फरक इथे फार महत्त्वाचा आहे. रूट म्हणजे फक्त थांब्यांची यादी. मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून पुन्हा काढतं आणि संधी मिळाली की तुम्हाला महामार्ग ६६ वर (मुंबई-गोवा) नेऊन सोडतं. ट्रॅक आखला तसाच राहतो. आधी ट्रॅक चढवून तो पडद्यावर ठळक रंगात ठेवा. आवाजी सूचना हव्या असतील तर रूट वेगळा करा: दोन्ही जेटींवर एकेक बिंदू, मध्ये दर १५-२० किलोमीटरला एक, आणि 'आपोआप पुन्हा मार्ग काढा' हे बंद. बिंदू ठेवताना नकाशा पूर्ण मोठा करून तो डांबरी रस्त्यावरच टेकवा. तो थोडा जरी सरकला तरी यंत्र शेजारच्या वाडीत, कधी थेट पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी नेतं. भरलेली गाडी तिथून मागे घेणं काय असतं, ते जांभ्याच्या ओल्या पायऱ्या बघितलेल्यांना सांगायला नको.

आता पाणी. यंत्रावर लिहिलेला पाणीरोधक दर्जा आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. त्यात जोराच्या फवाऱ्याची हमी नसते, म्हणून गाडी प्रेशरने धुताना यंत्र काढून ठेवा. पावसात खरी अडचण पडद्याची होते: थेंबांना बोट समजून नकाशा सरकतो. पडदा लॉक करता येतो का, हे बघूनच घ्या. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो लावून पडदा आडवा-उभा दोन्हीकडून बघा. काही पडदे एका बाजूने काळेच दिसतात.

पावसाहून जास्त नुकसान खारा वारा करतो. क्रेडलमधल्या (यंत्र बसवायच्या, वीज देणाऱ्या खोबणीतल्या) स्प्रिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, चार्जिंग तुटक होतं आणि यंत्र अधूनमधून स्वतःच्या आतल्या बॅटरीवर जातं. लोक वायरिंग उलगडून बसतात, दोष असतो पिनांत. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पिना पुसा, वाळू द्या, मग डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे दर महिन्याला करावं. स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या. ३०४ वर इथे लवकर गंजाचे डाग येतात.

वीज हेडलाइटच्या तारेतून चोरू नका. बॅटरीवरून थेट तार, बॅटरीलगत २ अँपिअरचा फ्यूज (आधी यंत्राच्या पुस्तिकेतला आकडा बघा), आणि इग्निशनवर चालणारा रिले (किल्ली फिरवली की वीज जोडणारा आपोआप स्विच). रिले नसेल तर गाडी बंद असतानाही क्रेडल थोडी थोडी वीज खात राहतं. सांधे हीट-श्रिंक नळीने झाका. इन्सुलेशन टेप पहिल्याच पावसात सुटते.

सिग्नलची फार चिंता नको. जीपीएसबरोबर ग्लोनास किंवा गॅलिलिओ या दुसऱ्या उपग्रह यंत्रणांचे सिग्नल घेणारं यंत्र आंबोलीच्या झाडीतही सावरून घेतं. उघड्या सड्यावर (कातळाच्या माळावर) तर प्रश्नच नाही. कशेडीच्या बोगद्यात अर्थातच सिग्नल जातो, आणि नकाशा जुना असेल तर यंत्र अजून घाटातल्याच वळणांवर चालवतं. नकाशे निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर, यंत्र चार्जिंगला लावून अद्ययावत करा.

फक्त महामार्गाने रत्नागिरीला जाऊन येणाऱ्याने हा खर्च करू नये. ऑफलाइन नकाशे उतरवलेला फोन पुरतो. पण तो हँडलबारवर उघडा लावू नका. मे महिन्याच्या उन्हात तापून पडदा अंधारतो, आणि इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता. कंपन शोषणारा माउंट लावा, नाहीतर फोन खिशात ठेवून हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर सूचना ऐका.