पेलिकान 400 दुरुस्तीला दिलं, निब चोरीला गेली

जुनी जर्मन शाईपेनं दुरुस्तीला पाठवणार असाल तर आधी हे वाचा. माझं पेन दुरुस्त करणाऱ्या महाभागाचं नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय.

माझं पेलिकान 400, पन्नासच्या दशकातलं, हिरव्या पट्ट्यांचं. पुण्यातल्या एका संग्राहकाकडून 24,500 रुपयांना घेतलेलं. निब 14 कॅरटची, तिरप्या टोकाची. जरा दाब दिला की काना असा भरीव उतरायचा की बघत राहावं. शाई ओढणारा पिस्टन तेवढा जड झाला होता. स्वतः जोर लावून मोडण्यापेक्षा जाणकाराकडे दिलेलं बरं, म्हणून कुरिअर केलं. यात चुकलं काय, सांगा!

मग फोन आला. "साहेब, कॉर्क पार वाळलाय, बदलावा लागेल." मी म्हटलं, "बदला."

इथेच कान टवकारायला हवे होते. पिस्टनच्या टोकाला कॉर्क असायचा 1929 च्या पेलिकान 100 मध्ये. 400 बाजारात आलं 1950 मध्ये, तोवर कॉर्क जाऊन प्लास्टिकचं सील आलं होतं. म्हणजे हा गृहस्थ नसलेला कॉर्क बदलणार होता, आणि मी, हे सगळं माहीत असलेला माणूस, हो हो करत होतो! पण तो बोलायचाच असा. कोव्हाच नावाच्या हंगेरियन इंजिनिअरचं पिस्टन, हॅनोव्हरची कंपनी, सगळं तोंडपाठ. एवढा अभ्यास असलेला माणूस थापा मारेल असं कुणाच्या मनात येईल?

कॉर्क 1,800, पॉलिश 1,200, निबचं टोक जुळवणं 2,500, कुरिअर 350. एकूण 5,850 रुपये, आगाऊ, यूपीआयने. आगाऊ मागितले की तिथेच थांबा.

पेन आलं. चकचकीत, पिस्टनही सुरळीत. कागदावर टेकवलं तर खिळ्याने लिहितोय असं वाटलं. भिंग घेतलं. 14 कॅरटचा शिक्काच नाही! सोन्याचा मुलामा दिलेली स्टीलची निब, पेलिकानच्याच अलीकडच्या एम200 मॉडेलची. पेलिकानची निब फीडसकट, म्हणजे तिला शाई पुरवणाऱ्या खालच्या भागासकट, आट्यांवर फिरवून निघते आणि नवीही तिथे बसते. अर्ध्या मिनिटाचं काम. खरं तर निब काढून आतून सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावला असता तर पिस्टन घरीच सुटला असता.

"तुम्ही हीच पाठवली होती," म्हणाला, आणि नंबर ब्लॉक.

चौकीत गेलो. "पेन परत मिळालं ना? मग चोरी कसली?" मी निब समजावतोय आणि साहेब खिशातलं बॉलपेन काढून हसतायत. सायबरला जा म्हणे. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, ही दिवाणी बाब. परत चौकीत, तर तो राहतो त्या शहरात तक्रार करा. झिरो एफआयआरचं, म्हणजे कुठल्याही चौकीत नोंदवता येणाऱ्या तक्रारीचं, नाव काढलं तर "आम्हाला कायदा शिकवू नका." कुरिअरवाल्यांचं एकच पालुपद: पाकीट सीलबंद पोचलं, विषय संपला. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, हे यातल्या एकानेही सांगितलं नाही. ते कळलं वकिलाला 1,500 रुपये मोजल्यावर!

सगळे एकच विचारतात: आधीच्या निबचा फोटो आहे का? नाही. बायकोचा फोटो नाही काढत एवढ्या जवळून, निबचा कोण काढतो? तुम्ही काढा, शिक्का वाचता येईल असा. पिस्टनचं काम असेल तर निब घरीच ठेवा, त्याला ती लागत नाही.

परवा मित्राच्या फोनवरून त्याची जाहिरात पाहिली. "दुर्मिळ, पेलिकान 14 कॅरट, तिरपं टोक, एकच नग." डाव्या बाजूला ओरखडा आहे, माझ्या निबला होता तसाच. किंमत 14,000 रुपये, आगाऊ.