एर्टिगा सीएनजी आणि टियागो ईव्ही एकाच घरात : वर्षभराचा अनुभव

आमच्याकडे २०२२ पासून मारुती एर्टिगा सीएनजी आहे. तिच्या जोडीला २४ किलोवॅट-अवर बॅटरीची टाटा टियागो ईव्ही आली, त्याला आता वर्ष उलटून गेलं. पावसाळा, उन्हाळा, गणपती, दिवाळी, लग्नसराई असं सगळं दोघींनी मिळून निभावलं आहे. एकेका गाडीबद्दल वाचायला भरपूर मिळतं. दोन गाड्या एकाच घरात एकमेकींना कशा पुरतात याबद्दल मात्र मला घेण्याआधी फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

घर पुण्यात कर्वेनगरला. माझं ऑफिस हिंजवडीला. नवरा भोसरीला कंपनीच्या बसने जातो, अधूनमधून कामासाठी गाडी लागते. सासूबाई-सासरे आमच्याजवळ, मुलगी नववीत. सासर वाईजवळच्या गावचं, माहेर चिपळूणचं.

दुसरी गाडी घ्यायची म्हटली की "ती कोणाची?" हा प्रश्न आधी येतो. बायकोसाठी छोटी, नवऱ्याकडे मोठी, अशी वाटणी आमच्या बिल्डिंगमध्येच तीन-चार घरांत आहे. आम्ही महिनाभर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गाडीची प्रत्येक फेरी लिहून काढली: कुठे, किती जण, सोबत सामान काय. महिना संपल्यावर चित्र स्वच्छ होतं. बहुतेक फेऱ्या शहरातल्या, गाडीत एक किंवा दोन माणसं, सामान म्हणजे लॅपटॉपची बॅग नाहीतर भाजीची पिशवी. उरलेल्या थोड्या फेऱ्या लांबच्या, पण त्यांत पाच ते सात माणसं आणि गच्च सामान. मधल्या आकाराच्या, मधल्या पल्ल्याच्या फेऱ्या जवळजवळ नव्हत्याच. म्हणून कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा विचार आम्ही तिथेच सोडला. ती दोन्ही कामं थोडी थोडी करते, आणि मोठं काम करायला एर्टिगा होतीच.

एर्टिगाला शहरातल्या छोट्या फेऱ्यांतून मोकळं करायचं हे खरं उद्दिष्ट होतं. त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. मारुतीची ही सीएनजी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते. दोन-तीन किलोमीटरवरच्या क्लासला मुलीला सोडून आलं, की त्यातला बराच भाग पेट्रोलवरच झालेला असतो. थंड इंजिनावरच्या अशा फेऱ्या कोणत्याही इंजिनाला सोसत नाहीत, मायलेजही तिथेच गळतं. विजेच्या मोटरला तापायची गरज नसते. दुसऱ्या गल्लीतल्या दवाखान्यात जायचं असलं तरी ती तेवढीच खूश. शहरात एर्टिगा किलोमागे १८-१९ किलोमीटर द्यायची. आता ती मुख्यतः महामार्गावरच चालते, तर २४ च्या आसपास देते. कंपनीचा आकडा २६.११ आहे.

चाव्या दारामागच्या हुकवर एकत्र टांगलेल्या असतात, कोणाच्याही पर्समध्ये राहत नाहीत. उद्या कोण, कुठे, किती जण हे रात्री जेवताना ठरतं आणि गाडी त्यावरून ठरते. मी हिंजवडीला निघाले तर टियागो. पण सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असेल आणि नणंदही येणार असेल, तर नवरा एर्टिगा काढतो. नवऱ्याला एकट्याला लक्ष्मी रोडला जायचं असेल तर त्या दिवशी टियागो त्याची आणि मी घरून काम करते. ही शिस्त जमली नाही तर दोन वेगळ्या गाड्या घेण्यात फारसा अर्थ उरत नाही, हे मला वर्षभरात फार पटलं आहे. मोठी गाडी एकट्या माणसाला घेऊन ट्रॅफिकमध्ये उभी आणि छोटीत चार जण कोंबलेले, हे दृश्य मला रोज वारज्याच्या पुलाखाली दिसतं.

आकारातला फरक कागदावर छोटा वाटतो, मंडईच्या वाहनतळात तो कळतो. एर्टिगा ४,३९५ मिलिमीटर लांब, टियागो ३,७६९. सदाशिव पेठेतल्या गल्लीत समोरून टेम्पो आला तर हे दोन फूट फार मोलाचे असतात.

पार्किंगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दोन गाड्या घेणाऱ्यांनी सगळ्यात कमी विचार याचा केलेला असतो. आम्हाला सोसायटीत मागे-पुढे अशी दोन गाड्यांची एकच जागा आहे. आतली काढायची तर बाहेरची आधी हलवावी लागते. शिवाय चार्जिंगचा पॉइंट कुठे बसवायचा हा प्रश्न. आम्ही तो मधल्या खांबावर घेतला, म्हणजे टियागो आत असो वा बाहेर, केबल पोचते. मीटर रूममधून आमच्याच मीटरवरून वेगळी जाड वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त भार किंवा विजेची गळती झाली तर वीज तोडणारे स्विच) बसवला आणि अर्थिंग तपासून घेतलं. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर गाडी चार्जच करत नाही, ते योग्यच आहे. हे काम ओळखीच्या वायरमनपेक्षा परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्या आणि सोसायटीची एनओसी लेखी घ्या. रात्री झोपण्यापूर्वी सकाळी आधी निघणारी गाडी बाहेर लावायची हे काम नवऱ्याचं. तो ते न चुकता करतो, आणि सकाळचा गोंधळ त्यामुळेच टळतो.

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण व्हायला पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात. पण इतकी रिकामी आम्ही ती होऊच देत नाही. ऑफिसला जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात, म्हणजे एक दिवसाआड रात्री लावली तरी भागतं. गीझर आणि एसी चालू असताना लावत नाही, घराच्या मंजूर भारावर ताण येतो. एका पूर्ण चार्जवर एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) आकडा ३१५ किलोमीटरचा होता. मला शहरात एसी लावून दोनशेच्या आसपास मिळतात, महामार्गावर ऐंशीच्या वेगाने १७०-१८०.

आता खर्च. इथे लोक एक गफलत करतात. विजेचा दर काढताना पूर्ण बिलाला एकूण युनिटांनी भागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात (१०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००), आणि गाडीचे युनिट घरच्या वापराच्या वर येऊन बसतात, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात. आमच्या बिलात सगळे आकार धरून तो वरचा युनिट पंधरा रुपयांच्या घरात पडतो. चार्जिंगमधली घट धरून शंभर किलोमीटरला साडेतेरा-चौदा युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. एर्टिगाला सीएनजी नव्वदच्या आसपास धरला तर शहरात पावणेपाच रुपये. महिन्याला नऊशे-हजार किलोमीटर टियागो चालते, तर बचत अडीच हजारांच्या आसपास. चांगली आहे, पण निव्वळ पैसे वाचवायला कोणी दुसरी इलेक्ट्रिक गाडी घेत असेल तर हा हिशोब आधी मांडावा. हप्ता याहून कितीतरी मोठा असतो.

माझ्या लेखी खरी कमाई वेळेची आहे. सीएनजीच्या रांगेत पूर्वी आठवड्यातून एकदा तरी जावं लागायचं. संध्याकाळी पंपावर प्रेशर कमी, सिलिंडर अर्धवट भरतो, मग दोन दिवसांनी पुन्हा रांग. त्यात गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. सासऱ्यांचे गुडघे बघता ती शिक्षाच. आता एर्टिगा गावाला निघायच्या आदल्या रात्री उशिरा किंवा पहाटे भरली जाते, रांग नसते आणि सिलिंडर पूर्ण भरतो.

सामानाचा विषय मजेशीर आहे. टियागो ईव्हीची डिकी २४० लिटरची. एर्टिगाची, तिन्ही रांगा वापरात असताना, २०९ लिटरची, आणि त्याच जागेत सीएनजीचा सिलिंडर. म्हणजे सात माणसं घेऊन निघालात तर मोठ्या गाडीत छोट्या गाडीपेक्षा कमी सामान मावतं! सीएनजी एर्टिगा घेताना हे लक्षात घ्याच. आम्ही तिला पाच माणसं आणि ढीगभर सामान अशी वापरतो: शेवटची रांग आडवी, वर बॅगा. मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या पेट्या अशाच येतात. खरंच सात जण असतील तर टपावर कॅरिअर लागतो. लग्नाला वाईला जाताना आम्ही एकदा दोन्ही गाड्या नेल्या: मोठी माणसं एर्टिगात, अहेर आणि मुलं टियागोत. वाईला घरच्या सॉकेटवर रात्रभर लावली, दुसऱ्या दिवशी आरामात परत.

घाटात एर्टिगाला एक सवय लावून घेतली. गॅसवर तिचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १२१.५ न्यूटन-मीटर, पेट्रोलवर १३६. कुंभार्ली चढताना भरलेल्या गाडीत हा फरक पायाला कळतो. पायथ्याला बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची, माथ्यावर परत गॅस. त्यासाठी पेट्रोल टाकीत कायम आठ-दहा लिटर असू द्यावं.

टोलच्या बाबतीत या जोडीचा असा फायदा झाला जो घेताना डोक्यातही नव्हता. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला: तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. तो गाडीच्या नंबरशी बांधलेला असतो, दुसऱ्या गाडीला चालत नाही, आणि राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. आमची वाईकडची वाट खेड शिवापूरच्या नाक्यावरून जाते, म्हणून पास एर्टिगाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो पास चालत नाही, पण राज्याच्या २०२५ च्या धोरणाने तिथे, अटल सेतूवर आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ केला. द्रुतगती मार्गावर कारचा एका बाजूचा टोल २०२५ मध्ये ३२० रुपये होता. मग मुंबईला दोघंच जायचं असलं की टियागो. जाताना उतार असल्यामुळे बॅटरी पुरते. येताना मात्र खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरचा चढ आहे. एवढी उंची चढायलाच दोन-अडीच युनिट जास्तीचे जातात, २४ युनिटच्या (किलोवॅट-अवर म्हणजेच युनिट) बॅटरीत हा मोठा घास आहे. म्हणून मुंबईत असतानाच पूर्ण चार्ज करून निघावं. डीसी (जलद) चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना तासाभराच्या आत होतं असं कंपनी सांगते. चार्जर चालू आहे ना हे ॲपवर निघण्याआधी पाहावं आणि दुसरा पर्याय हेरून ठेवावा. सासू-सासरे सोबत असतील तर मी मुंबईलाही एर्टिगाच नेते. त्यांना वाटेत तासभर थांबवून ठेवणं मला पटत नाही, शिवाय एर्टिगाचं सीट उंच असल्याने त्यांना चढ-उतार सोपी जाते.

गाडी बदलताना चालवणाऱ्याने सावध राहावं, हे मनापासून सांगते. टियागोत पाय दाबला की गाडी लगेच उडी घेते, पाय उचलला की रिजनमुळे (मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते) स्वतःच मंदावते. आठवडाभर ती चालवून एर्टिगात बसलं की दोन्ही गोष्टी नसतात. गॅसवर ओव्हरटेकला जास्त मोकळा रस्ता लागतो, आणि समोरच्या गाडीपासून अंतरही जास्त ठेवावं लागतं. मी एर्टिगा घेऊन महामार्गाला लागण्याआधी शहरातच दोन-चार सिग्नल मुद्दाम सावकाश घेते. नवराही तेच करतो.

देखभालीत दोघींच्या तारखा लांब ठेवल्या आहेत. विम्याचं नूतनीकरण वेगवेगळ्या सहामाहीत येतं, सर्व्हिसिंग कधीच एका आठवड्यात नाही. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. ती झाली तेव्हा टियागोने घर सांभाळलं. पीयूसी फक्त एर्टिगाला लागते. एर्टिगा आठवडाभर उभी राहते, म्हणून रविवारी सकाळी तिला सिंहगड रोडने खडकवासल्यापर्यंत फिरवून आणतो, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी उतरत नाही. हवा भरायचा पंप, छत्री, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी प्रत्येक गाडीत वेगळी ठेवा. पाण्यात दोन्ही गाड्या घालत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा गाड्यांची काय अवस्था होते ते जवळून पाहिलं आहे.

स्वतःची पार्किंग आणि तिथे वीज नसेल, तर ही जोडी मी सुचवणार नाही. सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहिलं तर सीएनजीची रांग जाऊन चार्जरची रांग मागे लागते. अशा घराला एर्टिगाजवळ छोटी पेट्रोल एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) जास्त उपयोगी पडेल. ज्यांच्या घरात दोघांनाही रोज विरुद्ध दिशांना पन्नास-पन्नास किलोमीटर जायचं आहे, त्यांचंही गणित वेगळं. तिथे गाड्यांची अदलाबदल शक्यच नसते, आणि प्रत्येकाने आपापल्या वाटेला योग्य अशी गाडी घेतलेली बरी. आमच्यासारखं घर, म्हणजे आठवडाभर शहर, सुट्टीत गाव, घरात वयस्कर माणसं आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरची वीज, असेल तर मात्र आधी महिनाभर कॅलेंडर भरा आणि मग शोरूमची पायरी चढा.