इन्सुलिन आणि ग्लुकागॉन: शुगर नक्की कोण सांभाळतं?

डायबिटीसमुळे इन्सुलिनचं नाव सगळ्यांना पाठ, पण त्याच स्वादुपिंडातलं दुसरं हार्मोन, ग्लुकागॉन, कुणाच्या खिजगणतीतही नसतं, हे मला खरंच खटकतं. बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि अगदी शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन. जेवलो की रक्तातली शुगर, म्हणजे ग्लुकोज, चढते, मग इन्सुलिन स्नायू आणि चरबीच्या पेशींना ती आत घ्यायला लावतं, काही लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते.

आता रात्रीचं बघा, ७-८ तास पोटात काही नाही तरी निरोगी माणसाची सकाळची शुगर साधारण ७० ते १०० mg/dL असते, कारण ग्लुकागॉन लिव्हरला तो साठा फोडायला लावतं आणि अमिनो आम्लांपासून (प्रोटीनचे घटक) नवीन ग्लुकोजही बनवून घेतं. मेंदूला ते सतत लागतंच ना!

दोघं कायम एकमेकांच्या उलटच असतात असंही नाही बरं का, नुसतं प्रोटीन खाल्लं तर दोन्ही वाढतात, इन्सुलिन अमिनो आम्लं पेशींत पाठवतं आणि तेवढ्यात शुगर पडू नये म्हणून ग्लुकागॉन लिव्हरमधून ग्लुकोज सोडायला लावतं.

तरी जास्त महत्त्वाचं कोण म्हणाल तर मी इन्सुलिनच म्हणेन, शुगर वाढवायला अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉलही मदतीला येतात, कमी करायला मात्र इन्सुलिनच्या तोडीचं दुसरं हार्मोन नाही.