हिट होऊन बंद पडलेली गाडी आणि आटेवाला कॉम्प्रेशन गेज: संचाचे परीक्षण

गाडी हिट झाली, बंद पडली आणि पूर्ण थंड झाल्यावरही सुरू होत नाही. अशा वेळी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचे की नाही, हा खरा प्रश्न असतो. उत्तर शोधायला दोन साधने हमखास पुढे केली जातात: रेडिएटरच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी आणि सिलिंडरमधला दाब मोजायला स्पार्क प्लगच्या जागी बसवायचा कॉम्प्रेशन गेज. इंजिन सुरूच होत नसेल तर गेजच घ्या, हे आमचे स्पष्ट मत.

निळा द्रव म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे द्रावण. हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधल्या फुटलेल्या गॅस्केटमधून जळालेला वायू कूलंटमध्ये शिरला की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव हिरवट, मग पिवळा होतो. चालत्या इंजिनावर ही तपासणी उत्तम आहे. पण सिलिंडरमध्ये काही पेटतच नसेल, तर कूलंटमध्ये नवा वायू येणार कुठून? द्रव निळाच राहतो, गॅस्केट ठीक आहे असा समज होतो आणि पुढचा सगळा तपास भलत्या दिशेला जातो.

आटेवाल्या संचात साधारणपणे ० ते ३०० पीएसआयची (पीएसआय हे दाबाचे एकक) तबकडी, दाब सोडायचे बटण, रबरी होज आणि १०, १२, १४ व १८ मिमी आट्यांचे अडॅप्टर येतात. रबरी शंकू प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा प्रकारही मिळतो. तो घेऊ नये. एक माणूस सेल्फ मारणार आणि दुसरा शंकू दाबून धरणार, अशी दोन माणसे लागतात. दाब जरा सैल पडला की आकडा चुकतो. शिवाय खोल विहिरीत बसलेल्या प्लगपर्यंत शंकू पोहोचतच नाही. डिझेलसाठी हा संच नाही. डिझेल इंजिनाचा दाब ३५० ते ५०० पीएसआयच्या घरात असतो, त्याला १००० पीएसआयपर्यंतची तबकडी आणि ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारे वेगळे अडॅप्टर लागतात.

गेज हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. तेलाची डिपस्टिक काढा. तेल दुधाळ दिसले किंवा पातळी वर चढलेली असली, तर कूलंट तेलात उतरला आहे. मग सगळे प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन चालते त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नये. सिलिंडरमध्ये कूलंट साचला असेल तर पाणी दाबले जात नाही आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे गॅस्केटवर भागले असते ते काम आख्ख्या इंजिनावर जाते. प्लग काढूनही क्रँक हलत नसेल तर इंजिन जाम आहे, तिथे गेजचे काम नाही. प्लग काढायचे ते हेड पूर्ण थंड झाल्यावरच. तापलेल्या अॅल्युमिनियममधून ओढले की आटे जातात.

आता मोजणी. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर शेवटच्या सिलिंडरपर्यंत सेल्फ मंदावतो आणि आकडे खोटे पडतात. फ्युएल पंपाचा रिले किंवा इंजेक्टरचा फ्यूज काढा, कॉइलचे कपलर सोडवा. अडॅप्टर हातानेच घट्ट करायचा, पाना लावायचा नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा दणके, म्हणजे पिस्टनचे दाब देणारे फेरे, मिळतील एवढा सेल्फ मारा. शेवटच्या आकड्याइतकीच पहिल्या दणक्याची नोंद महत्त्वाची आहे. चांगल्या सिलिंडरमध्ये काटा पहिल्याच दणक्याला शेवटच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास उडी घेतो. पहिल्यांदा कमी आणि मग हळूहळू चढत जाणारा काटा पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवतो. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडकलेला काटा वॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे.

ही तपासणी एरवी गरम इंजिनावर करतात. इथे इंजिन थंड, त्यामुळे आकडे थोडे कमी येणारच. त्याची काळजी नको, कारण आपण सिलिंडरांची एकमेकांशी तुलना करतो. पेट्रोल इंजिनात १२० ते २०० पीएसआय हा सर्वसाधारण पट्टा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर बिघाड नक्की. सगळेच १०० च्या खाली असतील तर इंजिन पेटायची आशा फारशी नाही.

या संचाची खरी किंमत आकडे वाचण्यात आहे. समजा पहिला आणि चौथा सिलिंडर १७० दाखवतो, दुसरा-तिसरा मात्र ५० वर अडकला आहे. शेजारचे दोन एकत्र पडले, म्हणजे त्यांच्या मधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळाली आहे आणि एकाचा दाब दुसऱ्यात जातो आहे. हिट झालेल्या इंजिनात हे चित्र नेहमीचे आहे: अॅल्युमिनियमचे हेड लोखंडी ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, बोल्टांखाली अडकून वाकते आणि गॅस्केटवरची पकड सुटते. इथे हेड उतरवावेच लागेल. उतरवल्यावर सरळपट्टी आणि फिलर गेजने त्याचा वाक मोजा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमीच्या पुढे गेले की फेस मारायची, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायची, वेळ येते. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावी.

सगळ्या सिलिंडरांत सारखाच आणि खूप कमी दाब असेल, सेल्फचा आवाजही हलका, भरभर आणि एकसुरी असेल, तर गॅस्केट बाजूला ठेवा आणि टायमिंग, म्हणजे क्रँक आणि वॉल्व्ह यांचा मेळ, पाहा. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप जाम झाला की पाणी फिरणे थांबते आणि बेल्टचे दातही उडतात, म्हणजे गाडी हिट होणे आणि सुरू न होणे या दोन्हींमागे एकच बिघाड असतो. अशा गाडीचे हेड गॅस्केटच्या संशयावरून उतरवलेले पाहिले की वाईट वाटते, कारण टायमिंग कव्हर उघडले असते तरी कळले असते. एकच काळजी घ्यावी: पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतात अशा रचनेत बेल्ट सुटला असेल, तर नवा बेल्ट बसवून पुन्हा मोजा. शून्य राहिलेल्या सिलिंडरांत वॉल्व्ह वाकलेले असतील.

सगळीकडे कमी, पण प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल घातल्यावर आकडा चांगला वाढतो, असेही होते. पुन्हापुन्हा सेल्फ मारल्याने पेट्रोलने भिंतींवरचे तेल धुऊन काढले असेल, किंवा उष्णतेने रिंगांचा ताण गेला असेल. प्लग काढून काही तास इंजिन वाळू द्या, तेलाचे थेंब घाला, पुन्हा मोजा. पेट्रोलचाच प्रश्न असेल तर आकडे टिकतात आणि गाडी बहुधा सुरूही होते.

आणि सगळे आकडे १५० च्या वर, एकमेकांजवळ आले तर? मग हेडला हात लावू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सर तपासा. उष्णतेने तो बिघडतो. फ्यूज, रिले आणि एक्झॉस्टजवळून जाणारी वायरिंगही वितळली आहे का ते पाहा.

संचाची एक मर्यादा मात्र मोठी आहे. सिलिंडरमधून वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे भोवतालच्या कूलंटच्या पोकळीत, जाणारी बारीक भेग कॉम्प्रेशनमध्ये दिसेलच असे नाही. त्यासाठी रेडिएटरचा प्रेशर पंप लागतो. थंड इंजिनावर कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा ०.९ ते १.१ बार, हवा भरा, काही तास तसेच ठेवा आणि मग प्लग काढून सेल्फ मारा. ज्या भोकातून कूलंटचा फवारा उडेल तोच सिलिंडर. भोकासमोर तोंड नेऊ नका.

तक्रारी सांगायच्या तर पहिली होजच्या टोकातल्या छोट्या वॉल्व्हची. तो हरवला किंवा अडकला की काटा प्रत्येक दणक्याला परत खाली येतो. दिसायला सारखा म्हणून टायरचा वॉल्व्ह तिथे बसवू नका. त्याची स्प्रिंग कडक असते आणि सगळे आकडे कमी येतात. दुसरी, आट्यांजवळची ओ-रिंग लवकर कापली जाते. सेल्फ थांबवल्यावर मिनिटभर काटा जागेवर राहिला पाहिजे. खाली सरकत असेल तर आधी ओ-रिंग आणि वॉल्व्ह तपासा, सिलिंडरला दोष देऊ नका. तिसरी, १४ मिमीचे अडॅप्टर आखूड आणि लांब असे दोन येतात. आखूड प्लगच्या जागी लांब बसवले तर ते ज्वलनकक्षात उतरून पिस्टनला लागू शकते; काढलेल्या प्लगशेजारी धरून आट्यांची लांबी जुळवून घ्या.

एक उपयोग डब्यावर लिहिलेला नसतो. होजमधला वॉल्व्ह काढून गेजच्या जागी कॉम्प्रेसरची हवा जोडा, तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला (पिस्टन वर, दोन्ही वॉल्व्ह बंद) आणा आणि सुमारे १०० पीएसआय सोडा. क्रँक फिरू नये म्हणून गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि पुलीवरचा पाना काढून ठेवलेला. हवेचा आवाज थ्रॉटलमधून आला तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा, शेजारच्या प्लगच्या भोकातून आला किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा हेडची भेग. जिथे गेजचा आकडा वॉल्व्ह आणि गॅस्केट यांत फरक करू शकत नाही, तिथे याच होजने निकाल लागतो. म्हणून संच निवडताना होज गेजपासून क्विक कपलरने सुटणारा आहे ना, हे आधी पाहा. कायमचा जोडलेला असेल तर तो संच सोडून द्या.