ऑर्से म्युझियम, पॅरिस: लिफ्टने थेट पाचव्या मजल्यावर जाऊ नका

लूव्र बघून पायाचे तुकडे पडले असतील तरी नदीपलीकडचं ऑर्से चुकवू नका. हे मूळचं रेल्वे स्टेशन, १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, पण पुढे गाड्या लांब होत गेल्या आणि प्लॅटफॉर्म पडले आखूड, मग १९३९ पर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या बंदच झाल्या आणि १९८६ ला तिथे म्युझियम उघडलं. सोनेरी घड्याळ अजून आहे, काचेच्या छतातून उजेडही मस्त येतो.

बहुतेक पब्लिक मोने-रेन्वार या चित्रकारांसाठी सरळ वर पळतं. तसं केलंत तर अर्धी मजा गेली. आधी खाली काबानेल या चित्रकाराची 'व्हीनसचा जन्म' बघा, १८६३ ची. अंग इतकं गुळगुळीत की कितीही जवळ जा, ब्रश कुठून फिरला पत्ता लागत नाही, आणि तेव्हा हेच चालायचं, फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ती विकतही घेतली. मग एदुआर माने या चित्रकाराची (मोने वेगळा) 'ऑलिम्पिया' बघा, तीही १८६३ चीच, पण ही कोणी देवीबिवी नाही, सरळ आपल्या डोळ्यात डोळे घालून बघते, अंगावर सावल्या जवळपास नाहीतच, सगळा रंग सपाट. १८६५ च्या चित्रप्रदर्शनात लोक एवढे भडकले की चित्र उचलून पार वर टांगावं लागलं!

हे डोक्यात ठेवून वर जा, मग मोने खरा कळतो. रुआँ शहरातल्या कॅथेड्रलची त्याची पाच चित्रं इथे आहेत, इमारत तीच, फक्त वेळ आणि हवा वेगळी. जवळून बघितलं तर भिंतीला गिलावा थापल्यासारखे रंगाचे थर, दार कुठलं नि कमान कुठली काही कळत नाही, आणि तसंच मागे सरकत गेलात की एकदम दगडावर ऊन पडलेलं दिसतं. मी किती वेळ नुसता पुढे-मागे करत होतो, बाकीच्यांना वाटलं असेल याचं काहीतरी हरवलंय.

जॉर्ज सुरा या चित्रकाराची 'सर्कस' मला तेवढी भिडली नाही. रंग आधी कालवायचे नाहीत, ठिपके शेजारी-शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं, ही आयडिया भारी आहे, चौकटीवरही ठिपके दिलेत पठ्ठ्याने, पण माणसं जरा ठोकळ्यासारखी वाटतात. चित्र पुरं व्हायच्या आधीच १८९१ ला गेला बिचारा, वय ३१.

देगा या कलाकाराची छोटी नर्तिका मात्र चारी बाजूंनी फिरून बघा, ब्राँझची मूर्ती पण झगा खऱ्या कापडाचा. आणि पेस्टल चित्रांपाशी दिवे मंद असतात त्यावरून कुरकुर करू नका, जास्त उजेड त्यांना सोसत नाही.

सोमवारी बंद असतं. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत चालू, तेव्हा संध्याकाळी जा. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो चित्राकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांमुळे.