२४०झीच्या मागचा टक् आणि तीन माउंटची हकिगत

माझ्याकडे ७२ सालची डॅटसन २४०झी आहे, जपानी स्पोर्ट्स कार, लाडाने नुसती झी, इकडे न्यू जर्सीत, तीन वर्षं झाली घेऊन. इंजिन झकास, २.४ लिटरचं सहा सिलिंडर, थंडीतसुद्धा दुसऱ्या सेल्फला उठतं. पण सेकंडला टाकून क्लच सोडला की मागून टक्, पाय उचलला की टुक्. आधी वाटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. पण एकदा का त्या आवाजाला कान लागला ना, की मग गाडीत गाणी लावली तरी तेवढंच ऐकू येतं.

बाबा पुण्याहून आले होते तेव्हा त्यांना एक चक्कर मारून आणली. त्यांनी वीसेक वर्षं पद्मिनी चालवलीये, त्यामुळे उतरता उतरताच निकाल दिला, "क्रॉस गेलाय रे याचा." म्हटलं बघू. क्रॉस म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टचा वळता सांधा. खाली असे सहा आहेत, गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे दोन आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही हाफ शाफ्टचे मिळून चार. डावीकडचा बाहेरचा खरंच खुळखुळत होता. तो बदलला आणि आवाज चार आणे कमी झाला, बारा आणे जिथल्या तिथे.

आता पद्मिनी किंवा अँबेसेडरवाल्यांना हे लक्षात येत नाही कारण त्यांच्यात डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटातच असतो, त्याला बॉडीला धरून ठेवणारं वेगळं माउंट नसतंच. झीला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात, म्हणून डिफरन्शियल बॉडीला टांगलेला. पुढचं नाक एका क्रॉसमेंबरवरच्या रबर माउंटवर बसतं (आपल्याकडचे गॅरेजवाले इंजिनखालच्या अशा रबराला फाउंडेशन म्हणतात, तसलंच हे), आणि मागची बाजू एका वाकड्या लोखंडी पट्टीवर, जिला सगळे मिशीच म्हणतात, दिसतेही अगदी तशीच, दोन्ही टोकांना बुश. अ‍ॅक्सिलरेटर दिला की डिफरन्शियलमधला छोटा गिअर, म्हणजे पिनियन, मोठ्या गिअरवर, म्हणजे क्राऊनवर, चढायला बघतो आणि नाक वर उचललं जातं. म्हणजे जोर देताना ते रबर दबत नाही, ताणलं जातं, आणि लोखंडाला चिकटवलेलं रबर दाबाला कितीही टिकेल पण ओढीला लवकर सुटतं. त्यात पिनियनच्या सीलमधून तेल ठिबकत असेल तर बघायलाच नको, रबराचा चिखल होतो. नाक फार वर जाऊ नये म्हणून कंपनीने त्याच्यावरून एक जाड विणलेला पट्टा दिलाय, पण पन्नास वर्षांत तो सैल पडलेला असतो.

गंमत म्हणजे फाटलेलं माउंट खाली झोपून बघितलं तर एकदम ठीक दिसतं, कारण वजनाने भेग मिटलेली असते. मी दोनदा बघून "माउंट ओके" म्हणून उठलो होतो. तिसऱ्यांदा गाडी स्टँडवर घेतली, जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि नाक खालून हळूच वर ढकललं, तर रबर आणि प्लेटच्यामध्ये फट उघडली, माझी करंगळी गेली आत. आतलं रबर काळं, गुळगुळीत, तेलाने चकाकणारं. म्हणजे कधीचंच सुटलेलं.

मग सुरू झाली खरेदी. पहिलं घेतलं ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं रबर माउंट, दोन जणांच्या जेवणाच्या बिलात येईल एवढं. लावल्यावर आवाज बंद, मी खूश, घरी सगळ्यांना ऐकवून झालं की बघा कसा शून्य आवाज आहे. उन्हाळा संपेपर्यंत टक् परत हजर. जॅकने ढकलून बघितलं, त्याच जागी सुटलेलं. विकणाऱ्याला मेल केला, त्याचं उत्तर असं की रेसिंगला वापरल्यास वॉरंटी नाही. अरे बाबा, मी या गाडीने शनिवारी भाजी आणायला जातो.

दुसऱ्या वेळी राग आला म्हणून डायरेक्ट सॉलिड घेतलं, रबरच नाही, सगळं धातूचं. टक् गेला, शंभर टक्के गेला. पण साठ मैलांवर मागून असा आवाज यायला लागला जसा शेजारच्या घरात कोणीतरी मिक्सरमध्ये दाण्याची चटणी वाटतंय आणि थांबतच नाहीये. हॅचबॅक गाडी, डिफरन्शियल आणि आपल्यामध्ये फक्त एक पत्रा, गिअरचा प्रत्येक दात ऐकू येतो. बायको एकदा बसली आणि म्हणाली, "तो टक् बरा होता." ट्रॅकवर नेणाऱ्याला ठीक आहे, त्याच्या डोक्यावर हेल्मेटच असतं. मी सहा आठवड्यांत काढलं.

तिसरं जे आता लावलंय ते पाचपैकी साडेचार. खाली चांगल्या प्रतीचं साधं रबर माउंट, आणि तो जुना पट्टा काढून त्याच्या जागी वरून एक आडवा लोखंडी बार, त्याच्या पोटाला रबराचा गट्टू, जो नाकावर टेकतो. झीवाल्या हौशी लोकांत याला आरटी स्टाईल म्हणतात. आयडिया एवढीच की नाक वर आलं की वरचं रबर दबतं, खालच्याला ओढ बसतच नाही. म्हणजे रबर कडक करायची गरजच नव्हती हो, ते योग्य बाजूला पाहिजे होतं, आणि मी दोन माउंटचे पैसे घालवले हे कळायला.

अर्धा स्टार कापला तो बसवायच्या त्रासासाठी. बारची भोकं माझ्या गाडीला जुळेनात, कानस घेऊन एक बाजू लांबट करावी लागली, आणि गट्टू किती आवळायचा हे कागदावर कुठेच नाही. सैल ठेवला तर टक् राहतो, जास्त आवळला तर चटणीवाला मिक्सर थोडा परत येतो. मी नाकाला नुसता टेकवला, मग पाव आटा, आणि नट लॉक.

मिशीचे बुश पॉलियुरेथेनचे टाकले, ते चालतात, पण सिलिकॉन ग्रीस विसरू नका, मी विसरलो आणि आठवडाभर गाडी झोपाळ्याच्या कड्यांसारखी करकरत होती. परत सगळं उघडून ग्रीस लावलं, अख्खा रविवार गेला, पोहे गार झाले ते वेगळंच.

आता दोन महिने झालेत. रिव्हर्स टाकताना एक बारीकसा टुक् अजून येतो, तो क्राऊन-पिनियनच्या दातांमधला आहे. बाबा फोनवर अजून म्हणतात की दुसरा क्रॉसपण बघून घे.